बर्फवाल्याचा स्वेटर

मेणवहिनीचं आणि बर्फवाल्याचं काहीतरी आहे, ही बातमी गल्लीत प्रत्येकानं प्रत्येकाला "कुणाला बोलू नका हं" असं बजावून सांगितली होती. त्यामुळे ती ठाऊक नसलेलं कुणी उरलंच नव्हतं. बातमी अंगभर दागिने घालून हिंडत होती. दुपारी माणसं जेवून आडवी झाली की वहिनी हातात झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊन बर्फाच्या कारखान्याकडे जाते. डब्यात त्याच्यासाठी काहीतरी गरमागरम असतं. मागचं दार उघडतं आणि बंद होतं. बऱ्याच वेळानं वहिनी बाहेर येते तेव्हा तिचं नाक लाल असतं, गाल लाल असतात आणि हात इतके गार, की कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं एकदा सहज धरले तर दचकून सोडले. आणि कळस म्हणजे, आत असेपर्यंत वहिनी त्याचा स्वेटर घालून बसते. हिरवा. डाव्या कोपरावर तपकिरी ठिगळ असलेला.

ते ठिगळ फार महत्त्वाचं. "लोक म्हणतात बुवा" अशी सांगितलेली गोष्ट माणूस एका कानानं ऐकतो. कोपरावरच्या ठिगळासकट सांगितली की तीच गोष्ट साक्षीपुराव्याची होते.

आता ही मेणवहिनी म्हणजे कुणी लवंगलता होती असं समजू नका. अंगानं आडवी आणि आवाजानं उभी. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गरम मेणाच्या थेंबांचे जुने डाग, जणू कुणी तीळ उधळले आहेत. नखांत मेण, केसांत मेण, चपलेच्या तळाला मेण. तिच्या घराची कडीसुद्धा तिच्या हातानं इतकी गुळगुळीत झाली होती की पाहुण्याच्या हातून निसटायची. जवळून गेली की मधाचा वास यायचा, आणि बोलायला लागली की तो वास विसरायला व्हायचं.

घर दुमजली. वर बिऱ्हाड, खाली काम. खालच्या लांब खोलीत खिडकीला लागून लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं पांढरं कापड, शेजारी शेगडीवर मेणाचं पातेलं. मागच्या पडवीत रंगाच्या कुंड्या आणि एक मोठा हंडा, ज्यात दिवसभर पाणी उकळत असे. काम समजायला सोपं होतं, करायला अवघड. कापडावर वितळलेल्या मेणानं चित्र काढायचं आणि कापड गार रंगात बुडवायचं. मेणाखालचं कापड पांढरं राहतं, बाकीचं रंगतं. मग ते उकळत्या हंड्यात टाकलं की मेण सुटून वर तरंगतं आणि चित्र मोकळं होतं. याला बाटिक म्हणतात. मेण फार तापलं तर कापडावर पळत सुटतं, कमी तापलं तर उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखं वरच्यावर राहतं, आत शिरत नाही. एक थेंब चुकून पडला की तो परत घेता येत नाही. तिथं पान नाहीतर पाखरू काढून वेळ मारून न्यावी लागते. वहिनीच्या जुन्या कापडांवर पाखरं जरा जास्तच आहेत. आता कारण कळलं असेल.

पण चित्र तर कुणीही काढेल. बाटिकची जान असते चिरांत. रंगात घालण्याआधी मेण लावलेलं कापड मुठीत चुरगाळायचं. मेण तडकतं, चिरांतून गडद रंग आत झिरपतो आणि चित्रभर रेषांची जाळी उमटते. जाळी जाड आली तर कापड फुटकी बशी चिकटवल्यासारखं दिसतं. बारीक आली तर वाळक्या पानाच्या शिरांसारखं दिसतं, आणि बघणारा कापड नाकाशी धरतो.

कधीकाळी हे सगळं एकाच छपराखाली चालायचं. थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा, दोघं मिळून. मग वाटण्या झाल्या. थोरल्यानं मोठ्या कढया नेल्या, मेणाचे ठसे नेले, गिऱ्हाईकं नेली आणि समोरच्याच रस्त्यावर दहा माणसांचा कारखाना टाकला. धाकट्याच्या वाट्याला कुंचले, तांब्याच्या तोटीची एक लेखणी आणि आई आली. आईला कुणी विचारलं नव्हतं. वाटणीचं बोलणं संपायच्या आत ती आपलं स्टूल उचलून धाकट्याच्या बाजूला येऊन बसली, आणि कायमची तिथंच बसली. हंड्यावर तरंगलेलं मेण थंड झालं की खरवडून परत वापरायला काढायचं, हे तिचं काम. त्यासाठी उजेड लागतो म्हणून दाराशी बसते, असं ती म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला धरायला बसते, असं लोक म्हणत. लोकही खोटं बोलत नव्हते.

धाकटा, म्हणजे वहिनीचा नवरा, रंगाचं काम बघायचा. त्याला सगळे रंगारीच म्हणत. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. बोलणं इतकं कमी, की बायकोशी त्याचं भांडण झालं तरी शेजाऱ्यांना एकाच बाजूनं ऐकू येई.

या घराला एकच गिऱ्हाईक उरलं होतं, पण ते दहांना भारी होतं. मोठ्या रस्त्यावरची दुकानवाली. जाड काचांचा चष्मा लावून ती कापड उजेडाला धरायची आणि म्हणायची, "फुलं नकोत मला, पाखरं तर अजिबात नकोत. ही जाळी हवी. समोरच्यांकडे अशी मिळाली तर मी त्यांच्याकडून घेईन, आधीच सांगून ठेवते." बाई रोखठोक होती. थोरल्याच्या हाती ही जाळी लागली असती तर दहा माणसांनी तिचे तागेच्या तागे काढले असते, धाकट्याच्या घरातली शेगडी विझली असती आणि रंगारी भावाच्या कुंडीवर कामाला गेला असता. हे घरातल्या तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

ती जाळी वहिनीला सापडली ती चुकीनं. भर उन्हाळ्याचे दिवस. उन्हाळ्यात मेण तडकतच नाही. लाडावलेल्या पोरासारखं जिकडे वाकवाल तिकडे वाकतं. कापड बर्फाच्या पाण्यात बुडवून बघायची युक्ती सगळ्यांना माहीत होती. थोरल्यानंही ती करून पाहिली होती, पण पाणी मेणाच्या कडांखाली शिरतं, खपल्याच्या खपल्या निघतात आणि रंग नको तिथं जातो. वहिनीला कुंडीतलं पाणी गार करायला बर्फ हवा होता, म्हणून ती बर्फाच्या कारखान्यात गेली. काखेत मेण लावलेल्या कापडाची गुंडाळी होती, घरी ठेवायचं विसरलेली. आत लाद्या रचून ठेवायची एक खोली होती, जाड दाराची. तिथल्या फळीवर तिनं गुंडाळी टेकवली आणि बर्फवाल्याशी बोलत उभी राहिली. म्हणजे बर्फवाला बोलत उभा राहिला. त्याला दोनच विषय होते, एक गुडघा आणि दुसरा हिरड्या. वरचे दात केव्हाच गेले होते, खालचे जायच्या वाटेवर होते, आणि प्रत्येकाच्या जाण्याची हकीगत तो सविस्तर सांगत असे. गुडघा संपून हिरड्या सुरू झाल्या तेव्हा वहिनीला गुंडाळीची आठवण झाली. घाईनं उचलली, तर कापडातून कोरड्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा आवाज आला. कर्रर्र.

"मेलं," वहिनी म्हणाली.

"गुडघ्याचाही अगदी असाच आवाज येतो बघा," बर्फवाला म्हणाला.

कापड वाया गेलं असं धरूनच तिनं ते घरी आणलं. पुसायला तरी होईल म्हणून रंगाऱ्यानं ते निळ्या कुंडीत टाकलं. उकळून बाहेर काढलं तेव्हा दोघंही गप्प राहिले. रंगारी नेहमीच गप्प असतो, पण वहिनी गप्प झाली म्हणून सासू स्टुलावरून उठून आत आली. कापडावर केसाहून बारीक रेषांची जाळी होती, कुठं तुटलेली नाही, कुठं फासलेली नाही. कोरड्या गारव्यानं मेण आतपर्यंत गोठलं होतं आणि मग एकदम, सगळीकडून तडकलं होतं.

"हे तीन डोक्यांच्या बाहेर जाता कामा नये," सासू म्हणाली.

"पण आई, मी आता रोज डब्यात कापड घालून तिकडे जाणार. कापड तिथल्या तिथंच चुरगाळावं लागेल, बाहेर आणलं की मऊ पडतं. लोक विचारणार नाहीत का, ही कुठं जाते, कशाला जाते?"

"लोकांचं मी बघते. तू मेणाचं बघ."

त्या खोलीत वहिनी काकडायची, म्हणून बर्फवाल्यानं खुंटीवरचा आपला जुना स्वेटर तिला दिला. कापड चुरगाळून होईपर्यंत तिनं तो घालायचा, जाताना परत खुंटीवर टांगायचा. बर्फवाला बाहेर बाकावर बसून डुलकी काढायचा. डबा कशाला, कापड कशाला, त्यानं एकदाही विचारलं नाही. त्याची एवढीच अपेक्षा होती की येता-जाता कुणीतरी गुडघ्याची चौकशी करावी. स्वेटरच्या ठिगळाचं वर्णन वहिनीनं घरी हसत हसत केलं होतं, सासूपुढं आणि नवऱ्यापुढं. "ठिगळ इतकं मोठं, की स्वेटरच ठिगळाला जोडलाय असं वाटतं."

उन्हाळा सरला, पावसाळा सरला, थंडी आली. दुकानवाली खूश. आणि मग एक दिवस शिंपिणीनं वहिनीला दाराआड ओढलं.

"तुझ्या भल्यासाठी सांगते हं. माझा तर विश्वासच बसला नाही."

"कशावर?"

शिंपिणीनं सगळं सांगितलं, अगदी ठिगळासकट. विश्वास न बसलेल्या माणसाच्या मानानं तिला बारकावे पुष्कळ पाठ होते.

वहिनी घरी आली आणि तिनं डबा आपटला. "आई, लोक काय बोलतात ते कानावर आलंय का तुमच्या?"

"काय बोलतात?" सासूनं हातातली मेणाची वडी खाली ठेवली. डोळे चमकले. "सांग सांग. कोण बोललं? शिंपीण? काय म्हणाली, अगदी शब्दाला शब्द सांग."

वहिनीनं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. इतक्या वर्षांत सासूनं तिला रडताना पाहिलं नव्हतं. पातेल्यातलं उकळतं मेण पायावर सांडलं तेव्हासुद्धा तिनं फक्त पातेल्याला शिव्या दिल्या होत्या.

"बोलणाऱ्याचं तोंड काय धरता येतं का?" सासू जरा हळू आवाजात म्हणाली. "पराचा कावळा करायची सवयच आहे लोकांना. पातेलं उतरव आधी, मेण धुरावलंय."

"एक वाक्य बोलले तर सगळ्यांची तोंडं बंद होतील, आई. एकच वाक्य. मेण तडकवायला जाते म्हणून."

"होतील की. थोरल्याचं मात्र उघडेल."

हाच तर पेच होता. नाव वाचवायचं तर जाळी जाणार, जाळी वाचवायची तर नाव. त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला धारेवर धरलं. "ठिगळाचं कुणाला ठाऊक होतं? मी सांगितलं ते तुम्हा दोघांना. तुम्ही बोललात कुठं?"

"मी?" रंगारी म्हणाला.

"मग कोण?"

"मी बोलतो का?"

हेही खरंच. तो कुणाशी बोलला असता तर त्याचीच बातमी झाली असती. मग वहिनीनं ठरवूनच टाकलं की हे थोरल्या जावेचं काम. तिनं कुठून तरी फटीतून बघितलं असणार. त्या दिवसापासून रस्त्यात जाऊ दिसली की वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत चालू लागली. जाऊही काही कमी नव्हती. ती वहिनीच्या डब्याकडे बघत चालायची.

आणि एका सकाळी ते सगळेच घरी आले. पुढं थोरले दीर, मागं जाऊ, आणि तिच्या मागं हातात पिशवी घेऊन बर्फवाल्याची बायको, कंबरेवर हात, नाकाचा शेंडा रागानं थरथरणारा. सासू दाराशी होतीच. वहिनी पडवीत हंड्याजवळ, हातात ढवळायची काठी. रंगारी कुंडीत कोपरापर्यंत बुडालेला.

"बसा भावोजी," असं म्हणायचं भानही कुणाला राहिलं नाही. दीरच स्वतः होऊन लाकडी खोक्यावर बसले.

"हे बघ," ते अगदी मायेनं म्हणाले, आणि दिरांना माया आली की वहिनीच्या अंगावर काटा यायचा. "वाटण्या झाल्या तरी आडनाव एकच आहे. लोक माझ्या कारखान्यात येऊन हसतात. तू तिथं का जातेस, ते एकदा सगळ्यांसमोर सांगून टाक. कामासाठी जात असशील तर काम सांग. मी एकेकाचं तोंड बंद करतो."

"काय गं असतं त्या डब्यात?" जाऊ मध्येच म्हणाली.

"तू थांब," दीर म्हणाले.

वहिनीच्या जिभेवर ते वाक्य येऊन बसलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो कुंडीकडे बघत होता, पण हात थांबले होते. तिनं सासूकडे पाहिलं. सासू वडीवरचा मेणाचा पापुद्रा नखानं काढत होती, तोच तोच, परत परत.

"भावोजी, इथं शेगडी, इथं हंडा. उकडतं मला," वहिनी म्हणाली. "तिथं गार वाटतं. म्हणून जाते."

जावेनं "ऐकलंत?" म्हणून तोंडाला हात लावला.

"गार वाटतं!" बर्फवाल्याची बायको उसळली. "गार वाटतं म्हणून माझ्या नवऱ्याचा स्वेटर घालतेस? आणि हे काय मग? धुवायला घेतला तर सगळीकडे तुझं मेण!" तिनं पिशवीतून हिरवा स्वेटर ओढून काढला.

दीर एकदम सावरून बसले. माया गेली, कारखानदार जागा झाला. "मेणाचे डाग आहेत का चुरा आहे?" त्यांनी विचारलं.

"मला काय करायचंय ते? मेण आहे!"

"तसं नाही. डाग वेगळा, चुरा वेगळा. बघू जरा इकडे. बाह्यांच्या आत आहे का?"

वहिनीला प्रश्नाचा रोख कळला. गरम मेण सांडलं तर डाग पडतो. गोठलेलं मेण मुठीत तडकवलं तरच चुरा उडतो, आणि तो बाह्यांच्या टोकांतून आत जातो. आयुष्य मेणात गेलेल्या माणसाला तो चुरा नुसता बोटावर घेऊन कळला असता. कापड कुठं गार केलं, ओलं केलं की कोरडं, किती गोठवलं, सगळं. दिरांनी हात पुढं केला होता.

वहिनीनं तो स्वेटर बर्फवालीच्या हातातून हिसकावला आणि सरळ उकळत्या हंड्यात टाकला. वरून काठीनं खाली दाबला. नुसता दाबला नाही, चांगला घोटला.

हंड्यातून हिरवी वाफ यावी तसं काहीतरी झालं. स्वेटरमधला मेणाचा कण न् कण वितळला, वर आला आणि आधीच्या तरंगत्या मेणात मिसळून गेला. आता त्यातला कुठला बर्फाच्या खोलीतला आणि कुठला कालच्या कापडावरचा, हे देवानंसुद्धा सांगितलं नसतं.

"पुरावा उकळला!" जाऊ किंचाळली.

"बुडवलं गं, बुडवलं घराचं नाव!" सासूनं कपाळावर हात मारून असा काही टाहो फोडला की शिंपीण शिवण टाकून धावत आली आणि येताना आणखी दोघींना घेऊन आली. "माझ्या डोळ्यांदेखत! अरे थोरल्या, बघतोस काय, ने मला इथून! नको, नको नेऊस, मी इथंच मरते!"

थोरला आईला न्यायला आला नव्हता. तो घाईघाईनं उठला. चेहऱ्यावर लाज होती आणि थोडं समाधानही होतं. धाकट्याच्या बायकोचं गुपित काय ते त्याला आज कळलं होतं, आणि ते मेणाचं नव्हतं. त्यानंतर त्यानं कधी डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर रंगाऱ्यानं काठीनं स्वेटर वर काढला. लोकरीला उकळल्यावर जे होतं ते झालं होतं. बाहुलीला बसेल एवढा, आणि पुठ्ठ्यासारखा टणक. ठिगळ मात्र होतं तेवढंच राहिलं होतं, त्यामुळे आता खरोखरच स्वेटर ठिगळाला जोडल्यासारखा दिसत होता.

"छान घोटलास," रंगारी म्हणाला. लग्नापासूनच्या त्याच्या लांब भाषणांपैकी हे एक.

चारेक दिवसांनी बर्फवाल्याची बायको परत आली. एकटीच. या वेळी हात कंबरेवर नव्हते. सासू वर झोपली होती. बर्फवालीनं खोक्यावर बैठक मारली आणि तो चिमुकला स्वेटर मागून घेऊन मांडीवर ठेवला.

"मी बराच विचार केला," ती म्हणाली. "ज्या माणसावर बाईचा जीव असतो, त्याचा स्वेटर ती असा घोटत नाही. मी तुझे हात बघत होते. तुझ्या मनात त्या माणसाबद्दल काही असतं तर तुझा हात एकदा तरी अडखळला असता. तू तर फडकं उकळावं तसा उकळलास."

वहिनीला आधी हसू आलं. मग दोघी हसायला लागल्या, आणि हसणं थांबल्यावर बर्फवाली म्हणाली, "काय करतेस तिथं, ते मला नको सांगूस. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मलाच माहीत आहे. फक्त त्याला एक स्वेटर दे. गारठून गुडघा आणखी बोलतो, आणि ऐकायला मीच असते."

"देते की. पण मी त्याचा स्वेटर घालते, हे तुला सांगितलं कुणी? जावेनं ना?"

"जाऊ कुठली? तिलाही माझ्याकडूनच कळलं," बर्फवाली म्हणाली. "मला तुझ्या सासूनं सांगितलं. दाराशी हाक मारून, पाणी पाजून सांगितलं. शिंपिणीलाही तिनंच. कुणाला बोलू नका म्हणाली, म्हणून तर आम्ही बोललो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. वहिनी जिना चढून वर गेली. सासू जागीच होती. खालचं बोलणं ऐकू यावं म्हणून जिन्याशेजारी आडवी झाली होती, त्यामुळे प्रस्तावना करावी लागली नाही.

"आई, तुम्ही?"

"थोरलीनं मला दोनदा विचारलं, डब्यात काय असतं म्हणून," सासू उठून बसत म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारणारी माणसं झाकण उघडून बघतात. त्यांना बघायला दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. बाई दिली, माणूस दिला. आता डब्याकडं कोण बघतंय?"

"आणि माझं नाव? मी तुमच्यासमोर रडले, तेव्हा तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू त्या दिवशी खरं रडली असतीस का? आणि थोरल्यासमोर तुझा चेहरा असा राहिला असता का? तुला लपवता येत नाही काही. मेणासारखी आहेस तू, आतलं लगेच वर येतं." मग चादरीचं टोक सरळ करत ती म्हणाली, "थोरलाही माझाच आहे. पण त्याच्याकडं कढया आहेत, ठसे आहेत, दहा माणसं आहेत. याच्याकडं तुझे हात तेवढे. मी दुसरं काय करणार होते?"

वहिनी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. बोलायला पुष्कळ होतं, एरवी बोललीही असती. शेवटी म्हणाली ते एवढंच, "निदान दात असलेला तरी शोधायचा होतात."

सासू इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि वहिनीला पाणी द्यावं लागलं. पाणी दिलं, पण त्यानंतर बरेच दिवस ती सासूशी गरजेपुरतंच बोलली. सासूला ती शिक्षा चांगलीच झोंबली, कारण गल्लीतल्या बातम्या वरपर्यंत आणायचं काम वहिनीच करायची.

बर्फवाल्याला रंगाऱ्यानं आपला स्वेटर दिला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत निळ्या होत्या. त्या स्वेटरात बर्फवाला पहिल्यांदा रस्त्यावर दिसला, तेव्हा बातमीनं पुन्हा बाळसं धरलं. आता तर नवऱ्याचे कपडेसुद्धा तिकडे जायला लागले, म्हणे. वहिनीनं या वेळी दाराआड ओढायला आलेल्या शिंपिणीला शांतपणे विचारलं, "पँट कधी देणार, ते नाही कळलं का तुला?"

जाळी मात्र घरातच राहिली. दुकानवालीनं ती तिच्या काचेच्या खिडकीत वर्षानुवर्षं लावली. थोरल्यानं पुढं मेणच सोडलं आणि यंत्रावर छापलेलं कापड विकायला घेतलं. त्यावर चिरासुद्धा छापलेल्या असत. दर हातभर अंतरावर तीच चीर परत यायची, पण लांबून कुणाला कळत नसे. सासू गेली तेव्हा शेवटपर्यंत दाराशीच होती. बर्फाचा कारखाना बंद पडला, बर्फवाला हिरड्यांच्या सगळ्या हकीगती संपवून गेला, आणि वहिनीनं मागच्या पडवीत झाकणाचा मोठा फ्रीज आणला. तो छोटा टणक स्वेटर मेणाचं गरम पातेलं उतरवायला फार सोयीचा होता. दोन्ही हातांना पुरेल एवढा जाड झाला होता आणि जळत नव्हता. ती तो रोज वापरायची.

कुणी विचारलंच तर वहिनी स्वतःहून काही नाकारत नसे. मेणाची कृती लपवायचं कारण आता उरलं नव्हतं, पण लोकांची करमणूक कशाला मोडा, असं तिला वाटे.

खरी गोष्ट अशी. वहिनी बर्फाच्या कारखान्यात मेण तडकवायला जात असे. बाकीचं सासूनं सांगितलं होतं.